तीन दिवसांचं सुतक

नातीनं ससा पाळलाय. चौदाव्या मजल्यावर, फ्लॅटच्या बाल्कनीत. त्याच्यासाठी दर पंधरा दिवसांनी गवताची पुडी घरपोच येते. हो, पुडीच. चहाची असते तशी चकचकीत, वर सशाचं चित्र, मागं बारीक इंग्रजी अक्षरांत गवताचं कौतुक. परवा घरात कुणी नव्हतं. दारावर आलेली पुडी मीच घेतली, म्हटलं सशाला भूक लागली असेल, आणि कात्रीनं कोपरा कापला. जागच्या जागी खाली बसलो. वाळल्या गवताचा तो वास इतक्या वर्षांनी नाकात शिरला होता.

नात संध्याकाळी आली. पुडी माझ्या मांडीवर बघून म्हणते, "आजोबा, सशाचं गवत हुंगताय?"

"हुंगत नाही गं, कोणत्या जातीचं आहे ते बघतोय."

"गवताला पण जात असते?" असं म्हणून हसत सुटली.

आता हिला काय सांगू? ही इमारत उभी आहे ती जमीन आमची होती. समोरचे चार टॉवर, पलीकडची शाळा, त्या मॉलची गाड्या लावायची जागा, सगळं आमचं कुरण. दिघीच्या लष्करी हद्दीपासून भोसरीच्या शिवेपर्यंत नजर टाकाल तिथं गवत, आणि त्या सगळ्याचा मी एकुलता एक वारस. आज कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा फेकतोय. सांगायचाही कंटाळा येतो. खरं म्हणाल तर सगळ्याचाच कंटाळा आलाय. जमीन काही कारखान्यांना गेली, काही सरकारनं घेतली, उरलेली बिल्डरनं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण वासावर कुणाचा इलाज चालत नाही.

आबासाहेब गवताचे ठेकेदार. ते माझे वडील, म्हणजे कागदोपत्री वडील, त्याचं पुढं सांगतो. खडकीची लष्करी घोडी, पुण्यातले टांगे, गवळ्यांच्या म्हशी, सगळ्यांची पोटं आमच्या गवतावर भरायची. आजूबाजूचे लोक म्हणत, "ह्यांच्या घरी गवताचं सोनं व्हतं, राव, आन् आपल्या घरी सोन्याचं गवत." आश्विन सरता सरता माळाचा रंग पालटायचा. आधी हिरवा, मग पिवळा, मग पार तांबूस. मारवेलाचा वास गोडसर, पवन्याचा उग्र, आणि कुसळीला वास नाही पण ती कपड्यांत शिरायची. मोजे, चड्डी, गंजीफ्रॉक, कुठंही हात घाला, कुसळ टोचायचं. परीटघडीच्या कपड्यांतूनही टोचायचं. शेकडो विळे एकदम चालू लागले की माळावर सर्र सर्र आवाज चालायचा, दिवसभर, आणि दुपारी जेवायला तो थांबला की कानांना चुकल्यासारखं व्हायचं.

कापलेल्या गवताच्या पेंढ्या, पेंढ्यांचे भारे आणि भाऱ्यांच्या गंज्या. गंजी म्हणजे गवताची उतरती रास, पण आमची एकेक गंजी दुमजली घराएवढी. ती रचायची धोंडीबानं. धोंडीबा आमचा जुना गंजीवाला. तोंडात दात नव्हता, पण जिभेला हाड तरी कुठं होतं! मला म्हणायचा, "बाळासाहेब, ह्या गंजीला ताप आलाय का बगा बरं." दमट गवत रचलं गेलं तर ते आतल्या आत तापतं, काळं पडतं, कधी कधी आपोआप पेटतं. म्हणून गंजीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून ऊब बघायची. मी हात घालायचो. आत अंधार आणि ऊब. मला तो हात बाहेर काढावासाच वाटायचा नाही. धोंडीबा म्हणायचा, "आवो, काडा की! का आत लाडू घावलाय?"

मी त्या घरात जन्मलो नव्हतो. जन्मलो चाकणच्या पलीकडं, भामेच्या काठच्या खेड्यात, आबासाहेबांच्या चुलतभावाच्या घरी. वडील मी रांगत असतानाच गेले. घरात आई, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठा दादा. आबासाहेबांना मूल नव्हतं. भावकीत विचारविनिमय झाला, कुणी काय बोललं, कुणी कुणाला काय समजावलं, ते मला माहीत नाही आणि आता सांगायला कुणी उरलेलं नाही. मला एवढंच आठवतं की मी सहा वर्षांचा होतो आणि मला नवी टोपी घातली होती. टोपीच्या आत मेणकापड होतं, त्याचा वास येत होता.

आबासाहेबांच्या बंगल्यापुढं मांडव होता. होमाचा धूर सरळ माझ्याकडंच येत होता. भटजींनी आईला म्हटलं, "म्हणा बाई, दिला." ती म्हणाली, पण ते तिचं तिला तरी ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे. भटजी म्हणाले, "जरा मोठ्यानं." तेव्हा ती असं काही मोठ्यानं म्हणाली, "दिला!" की मागच्या पंगतीची पानं मांडणारे वाढपीसुद्धा वळून बघायला लागले. मग तिनं पळीनं पाणी सोडलं. आबासाहेबांच्या पत्नीनं मला मांडीवर घेतलं आणि रीतीप्रमाणं माझं डोकं हुंगलं. त्यांच्या शालूची जर माझ्या पोटरीला बोचत होती. पेढे वाटले, माझं नाव बदललं, आणि आतापासून ह्या आईसाहेब, असं मला सांगितलं गेलं.

"आन् ही?" मी आईकडं बोट दाखवलं.

कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मी काकी. काकी म्हनायचं."

नातं बघितलं तर बरोबरच होतं. चुलतभावाची बायको, म्हणजे काकीच. त्यात चूक काय काढणार?

लोकांना वाटतं श्रीमंती म्हणजे खाणं. मला आठवतात ते वास. कपाटातल्या कपड्यांना कापराचा, मोटारीच्या गाद्यांना तापलेल्या चामड्याचा, आबासाहेबांच्या उपरण्याला हिन्याचा. चांदीच्या ताटालाही एक वास असतो, ओल्या पैशाचा. त्या ताटात अन्न भराभर निवायचं. मला खेड्यात तव्यावरची भाकरी हातावर घेऊन फुंकरत खायची सवय, इथं सगळं निवून समोर यायचं. अनवाणी चालायचं नाही. उन्हात जायचं तर एक माणूस छत्री धरून मागं. गावातली पोरं विटीदांडू खेळायची. मी गेलो की ती विटी माझ्या हातात द्यायची आणि बाजूला उभी राहायची. मी मारायचो आणि कुणी झेलायचंच नाही. "लई भारी मारलीत, बाळासाहेब!" असल्या खेळात कसली आलीय मजा? पिंपरी कॅम्पातल्या सिंधी दुकानातून ड्रायव्हर माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या बरणीच्या बरणी आणायचा. एकट्यानं बरणीभर गोळ्या खाऊन बघा म्हणजे कळेल.

आईसाहेब मात्र वाईट नव्हत्या, हे सांगितलंच पाहिजे. माझ्या दुधावरची साय त्या स्वतः काढून, साखर घालून, चमच्यानं भरवायच्या. ताप आला तर तीन तीन दिवस खोली सोडायच्या नाहीत. माझा त्यांच्यावर राग नव्हता. रीतच अशी होती की राग धरावा असं समोर कुणी नव्हतंच.

दिवाळी झाली की काकी यायची. दादा बरोबर असायचा. ओसरीवर जाजम अंथरलेलं, ती त्याच्या पार कडेला बसायची, निम्मी जाजमावर, निम्मी फरशीवर. पदर कपाळापर्यंत. पितळी डब्यात बाजरीच्या तिखट कापण्या आणलेल्या असायच्या, त्या ती आईसाहेबांच्या हातात द्यायची, माझ्या नाही. आणि मला म्हणायची, "बाळासाहेब, बरं हाय न्हवं? जेवलात का?"

आईनं मुलाला अहो-जाहो करावं! बाकी कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. दादा तेवढा "काय रं, साळंत जातूस का?" असं विचारायचा. त्याला ती कोपरानं ढोसायची.

मला त्या सगळ्या दौलतीतलं काही नको होतं. मला एकच हवं होतं. मी आई म्हणून हाक मारावी आणि तिनं ओ द्यावी. एकदा. परत कधी मारणार नाही, पण एकदा. तीन-चार वर्षं मी दुसरं काही इतक्या चिकाटीनं केलं नाही. एका दिवाळीला खांबाआड लपलो आणि ती समोरून चालली असताना एकदम ओरडलो, "आई!" म्हटलं, बेसावध असेल तर वळेल. तिचं पाऊलसुद्धा अडखळलं नाही. आतून आईसाहेब धावत आल्या. मी कधी नुसतं आई म्हणत नसे ना! "आले रे राजा, आले," म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी खाली बघितलं. दुसऱ्या वर्षी पायऱ्यांवरून मुद्दाम घसरलो. मुद्दाम घसरलो खरा, पण गुडघा खरोखरचा फुटला. "आई गं!" म्हणून भोकाड पसरलं. हे तर कुणीही म्हणतं, त्यात रीत मोडत नाही. ती अर्धी उठली. मग जाजमाची कड मुठीत धरून पुन्हा बसली. दादा धावला, चाकर धावले, हळद आली. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बाळासाहेबांना लई लागलं का बगा."

मी दहा वर्षांचा होतो त्या सालातली गोष्ट. आमच्याकडं एक पद्धत होती. शेवटची गंजी शेंड्याला गेली, म्हणजे तिचा माथा बांधून झाला, की कापणारे सगळे बाया-गडी माळावर ओळीनं बसायचे. मालकाच्या वारसानं अनवाणी चालत जाऊन प्रत्येकाच्या हातावर आपल्या हातानं गूळ-खोबरं ठेवायचं. तो हात जसा पडेल तसं पुढच्या साली गवत उगवेल, असं मानायचे. वर्षातून तेवढा एकच दिवस माझे पाय मातीला लागायचे. कापलेल्या गवताचे खुंट तळव्यांना टोचायचे, पण मला ते आवडायचं.

दोन-अडीचशे तरी माणसं असतील. मी बघायचो ते फक्त हात. गवतानं चिरलेले, बोटांच्या पेरांवर चिंध्या बांधलेले हात. गूळ पडला की मूठ मिटायची, कपाळाला लागायची, मी पुढं. छत्रीवाला मागं, धोंडीबा गुळाची पाटी घेऊन शेजारी, "चला, चला, बाळासाहेबांना ऊन लागतंय." बायांच्या ओळीत निम्म्यात पोचलो असेन. एका हातावर गूळ ठेवला आणि ती मूठ मिटली ती माझ्या बोटांसकट. सोडेचना. मी वर बघितलं. पदरानं तोंड नाकापर्यंत झाकलेलं होतं, पण डोळे कसे लपवणार?

"आई!" मी म्हणालो. ओरडलोच.

तिनं माझी बोटं सोडली. गूळ कपाळाला लावला आणि म्हणाली, "आईसाहेब तकडं सावलीला बसल्यात, बाळासाहेब. मी कापनारी बाई हाय."

"तू माझी आई आहेस. म्हण ना! एकदा ओ दे, आई!" मी तिचा पदर धरला होता.

"पोराला ऊन लागलंया," धोंडीबा कुणालातरी सांगत होता. ती पदर सोडवत होती, एकेक बोट उलगडून, हळूच, दुखू न देता. तिच्या हाताला ओल्या गवताचा आणि घामाचा वास येत होता. माझ्याकडं बघत मात्र नव्हती.

आबासाहेब आले. मला वाटलं, आता गडगडाट होणार. पण थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नाही. ते धोंडीबाकडं बघत म्हणाले, "धोंडीबा, वहिनीस्नी सांग, घरच्या मानसानं मजुरीला यायचं न्हाई. आमची मान खाली जाती. काय कमी पडत आसंल तर निरोप धाडावा."

तीही धोंडीबालाच म्हणाली, "भाऊजीस्नी सांगा, कमी काय बी न्हाई. गूळ घ्यायला आलते."

आबासाहेबांनी मान फिरवली. बराच वेळ ते गंज्यांकडं बघत उभे होते. मग टांगा जोडायला सांगितला आणि तिला चाकणपर्यंत पोचतं केलं. ती गेली तेव्हा मी बंगल्यात पलंगाखाली जाऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी धोंडीबा म्हणाला, "तीन साल येत व्हती, बाळासाहेब, गावच्या बायांसंगं. मला ठावं व्हतं. तुमीच कवा वर बगितलं न्हाई."

त्यानंतर ती आली नाही. गवत कापायला नाही आणि दिवाळीलाही नाही. दादा एकटा यायचा डबा घेऊन. "काकींना बरं नाही का?" आईसाहेब विचारायच्या. "बरी हाय," दादा म्हणायचा, आणि पुढं काही नाही. मी काय समजायचं? दहा वर्षांच्या पोरानं जे समजायचं तेच समजलो. तिला मी नको आहे. दिला म्हणजे दिला, विषय संपला.

मग मी वारस झालो. तोवर नुसता कागदावर होतो. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना झाला होता, वारा तिकडून असला की त्याचा भोंगा आमच्या ओसरीवर ऐकू यायचा आणि गड्यांची जेवणं त्याच्यावर चालायची. लष्करात घोड्यांच्या जागी मोटारी येत होत्या. साखळ्या घेऊन माणसं माळ मोजत फिरायची, त्यांना आईसाहेब ताक पाठवायच्या. गवताचे दिवस भरत आले होते, पण आबासाहेब जमिनीला जपून होते आणि जमिनीचे दिवस यायचेच होते. मी बुटांना पॉलिश नसलं तर चाकराला पुन्हा करायला लावायचो. धोंडीबा काही थट्टा करायला लागला की "पुरे" म्हणायचो. तो पुरे करायचा. दरवर्षी गूळ-खोबरं वाटायचो ते हातांवर नजर ठेवूनच, एकदाही वर न बघता. लोक म्हणायचे, पोरगं आता शोभतंय.

चौदा वर्षांचा असताना, चैत्रात, दादाच्या गावचा माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला. तापाचं निमित्त झालं होतं. तो "आय गेली" म्हणाला, मग जीभ चावून "काकी गेल्या" म्हणाला.

आबासाहेबांनी मोटार काढायला लावली. घरचे भटजी ओसरीवरच होते. ते म्हणाले, दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्या आईचं सुतक तीन दिवसांचं, शास्त्र तसंच आहे. आबासाहेब त्यांच्यावर खेकसले, "खड्ड्यात गेलं तुमचं शास्त्र!" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेरावा करूनच ये. तकडं धोतर नेस, जमिनीवर झोप, भावासंगं बस. आई हाय तुजी. मी कुनाला जाब देनार न्हाई." आईसाहेब दाराआड रडत होत्या. म्हणजे ज्यांनी मला घेतलं होतं त्यांनीच मला मोकळं सोडलं होतं, हे ध्यानात ठेवा. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

गेलो. अंगणात तिला ठेवली होती. बायका रडत होत्या. मोटारीचा आवाज ऐकून रडणं थांबलं आणि वाट झाली. कुणीतरी शाळेतून खुर्ची आणली. लाकडी, हातांची. ती खाली जमिनीवर, शेजारी दादा मातीत बसलेला, आणि मला खुर्ची. मी नको म्हणायला हवं होतं. पण मी बसलो. काळ्या बुटांसकट बसलो. ते बूट तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. बोटं चिरलेलीच होती, आमच्याकडं येत नव्हती तरी कुणाचंतरी गवत कापतच होती म्हणायची.

भामेला पाणी कमी होतं. दादानं अग्नी दिला. मी सावलीला उभा होतो, लोकांनीच तिथं उभं केलं होतं. दोन दिवस त्या घरात राहिलो. घरातली एकुलती बाज मला दिली होती. चुलीवरून पातेलं उतरवायचं कोनाड्यातलं फडकं, पाण्याचा माठ, दाराची कडी, सगळं माझ्या आठवणीपेक्षा लहान झालेलं होतं. शेजारच्या बाया पिठलं-भाकरी आणून द्यायच्या, मी हातावर घेऊन फुंकर घातली तर ती आधीच निवलेली होती.

तिसऱ्या दिवशी मी बूट घातले. दादा अंगणात गोवऱ्या लावत होता.

"कुटं चाललास?" तो म्हणाला.

"घरी. तीन दिवस झाले."

"धाव्याला थांब की. पिंड हाय नदीवर. थोरल्या काकांनी तेराव्यापर्यंत ऱ्हायला सांगितलंय म्हनं."

"दत्तक गेलेल्याला तीनच दिवसांचं सुतक असतं."

"आसंल. पर आय हाय ना रं."

"काकी," मी म्हणालो.

असं स्पष्ट, एकेक अक्षर म्हणालो. चार वर्षं तो शब्द दाताखाली धरून ठेवला होता आणि तो तिला ऐकवायचा होता. ती घरात नाही हे ठाऊक असूनही मी घराकडं बघून म्हणालो. दादानं हातातली गोवरी खाली ठेवली. मी निघालो.

आबासाहेब ओसरीवरच होते. "का रं आलास?" म्हणाले.

"रीत तीन दिवसांची आहे, आबासाहेब."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी दहा वर्षांचा असताना ज्या नजरेनं गंज्यांकडं बघत होते, त्याच नजरेनं. "जा, आंघोळ कर," एवढंच म्हणाले. त्यांनी स्वतः तेरा दिवस गोड खाल्लं नाही, पायांत वहाण घातली नाही. मी डोक्याला तेल लावलं, चांदीच्या ताटात जेवलो, आणि चौथ्या दिवशी मोटारीनं शाळेत गेलो. पुढं जन्मभर बायकोला, मुलाला, ज्यानं विचारलं त्याला सांगत आलो की घरच्यांनी मला आईच्या दिवसांना राहू दिलं नाही. लोक हळहळायचे. श्रीमंतांच्या रीती वाईट, म्हणायचे. आबासाहेबांनी हे कधी ऐकलं असेल का? ऐकलं असेल तरी ते एक अक्षर बोलले नाहीत.

महिन्यानं दादा आला. डबा नव्हता. जाजम अंथरलं, तर तो कडेला बसला, आई बसायची तसा. आईसाहेबांनी पाणी दिलं. मी समोर आरामखुर्चीत होतो. तो म्हणाला, "एक सांगायचं व्हतं. सांगावं का नगं, म्हैनाभर इचार केला."

"सांग."

"धाव्याला कावळा शिवंना. पिंड मांडला, समदी लांब जाऊन बसलो. कावळं बाभळीवर बसलेलं, पर येक बी खाली उतरंना. म्हातारी मानसं म्हनली, तिचं काय मागं ऱ्हायलंय त्ये बोल. मी म्हनलं, घर नीट चालवीन. शिवंना. शेत इकनार न्हाई म्हनलं, तरी शिवंना. मग मी म्हनलं, आये, धाकट्याला परत आनतो, त्याला वाटा देतो, त्यो आपलाच हाय. येक कावळा पिंडाजवळ आलता, त्यो उलटा उडून झाडावर गेला. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हनला, आता दर्भाचा कावळा करू." दादानं पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "मग मला काय सुचलं कोन जाने. म्हनलं, आये, त्यो तकडंच ऱ्हाईल. त्याला कवाच आपला म्हननार न्हाई. त्यो लई सुखात ऱ्हाईल. बोलनं पुरं व्हायच्या आत शिवला."

मी खाली माझ्या बुटांकडं बघितलं.

"समद्या गावाम्होरं सबूद दिलाय मी तिला," दादा म्हणाला. आईसाहेब जेवून जा म्हणत होत्या, त्यानं हात जोडून नाही म्हटलं. टोपी डोक्यावर सारखी केली, उठला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "येतो मी, बाळासाहेब. सांबाळून ऱ्हावा."

तेव्हापासून मी सुखात आहे.